खानदेशातील मधपेट्यांमधील माइट नियंत्रण : प्रकल्प नोंदी

११ सप्टेंबर २०२४

पावसाने उघडीप दिल्यामुळे आमच्या मधपाळ गटाच्या चोवीसही मधपेट्या आज पूर्ण उघडून तपासता आल्या. पेट्या चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आबांच्या केळीबागेच्या बांधावरील कडुनिंबांच्या सावलीत ठेवलेल्या असून सर्व वसाहती मेलीफेरा या युरोपीय मधमाशीच्या आहेत. जुलै-ऑगस्टमधील फुलोऱ्याच्या टंचाईत साखरपाण्यावर तगवलेल्या वसाहती काहीशा रोडावलेल्या असणार, हे अपेक्षितच होते. मात्र नऊ पेट्यांत जे दिसले त्याचा उलगडा केवळ उपासमारीने होत नाही. बंद पिलावा (मेणाचे झाकण लागलेल्या कोठड्यांतील अळ्या व कोष) सलग नव्हता, अनेक कोठड्यांची झाकणे खचलेली किंवा टोचल्यासारखी बारीक भोके पडलेली होती आणि सात क्रमांकाच्या पेटीसमोरच्या गवतात उडू न शकणाऱ्या तरुण माश्या सरपटत होत्या. गटातील ताईंनी त्यांतली एक तळहातावर घेऊन दाखवली. तिचे पोट आखूड होते आणि पंखांच्या जागी सुकून वळलेले दोन चिंचोळे अवशेष तेवढे उरले होते. पंखविकृती विषाणूचे हे ठळक लक्षण होय. हा विषाणू वसाहतीत एरवीही सौम्य स्वरूपात असू शकतो, परंतु माइट (माश्यांवर व पिलाव्यावर जगणारा बारीक परोपजीवी कोळी) कोषातील माशीला डसतो तेव्हा तो थेट तिच्या शरीरात उतरतो आणि मग माशी जन्मतःच निकामी होते.

जानेवारीअखेर या पेट्या साक्री तालुक्यात कांद्याच्या डेंगळ्यांवर (बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या फुलदांड्यांवर) परागीभवनासाठी न्यायच्या आहेत. तोपर्यंत दर शंभर माश्यांमागे तीनपेक्षा कमी माइट, ही पातळी प्रत्येक पेटीत गाठणे आणि मधकोठी (मध साठवण्याचा पेटीचा वरचा मजला) चढवल्यानंतर पेटीत कोणतेही औषध न घालणे, अशी दोन उद्दिष्टे गटाच्या बैठकीत ठरली.

१४ सप्टेंबर २०२४

पिठीसाखरेच्या पद्धतीने पहिली मोजणी पूर्ण केली. रुंद तोंडाच्या बरणीचे झाकण मध्यभागी कापून तेथे माइट गळून पडतील पण माशी बाहेर येणार नाही अशी जाळी बसवली आहे. पिलाव्याच्या चौकटीवरील अर्धा कप, म्हणजे अंदाजे तीनशे माश्या या बरणीत घेतल्या जातात. चौकटीवर राणी नाही याची दोघांनी स्वतंत्रपणे खात्री केल्याशिवाय माश्या झटकायच्या नाहीत, असा नियम केला आहे. वरून दोन मोठे चमचे पिठीसाखर घालून बरणी हलक्या हाताने फिरवली, काही मिनिटे सावलीत ठेवली आणि मग पाणी घातलेल्या पांढऱ्या ताटावर उलटी धरून हलवली. साखरेमुळे माइटची माशीवरील पकड सुटते. साखर पाण्यात विरघळली की तांबूस तपकिरी, खेकड्यासारखे आडवे पसरट ठिपके पाण्यावर उरतात आणि नीट पाहिल्यास त्यांचे पाय हलताना दिसतात. माश्या जिवंत राहतात व पेटीत परत सोडता येतात. त्यामुळे आपल्या माश्या मारून मोजणी करायला मन न धजणाऱ्या सदस्यांनाही ही पद्धत पटली.

सात क्रमांकाच्या पेटीत तीनशे माश्यांमागे १९ माइट निघाले. अकरा पेट्यांत आकडा नऊच्या वर, म्हणजे आमच्या मर्यादेपलीकडे होता. सर्वांत कमी आकडा दोन होता. पूर्ण निर्दोष अशी एकही पेटी आढळली नाही.

२२ सप्टेंबर २०२४

साखरेच्या मोजणीने अर्धेच चित्र मिळते, हे आज प्रत्यक्ष दिसले. बंद पिलाव्याच्या निवडक कोठड्या चिमट्याने उघडून गुलाबी डोळ्यांचे कोष एकेक बाहेर काढले. बहुसंख्य बाधित कोठड्यांत व्हॅरोआ हा माइट होता. कोठडीच्या भिंतीवर त्याच्या विष्ठेचा पांढरा ठिपका असतो, त्यामुळे माइट नजरेतून सुटला तरी कोठडी बाधित होती हे कळते. परंतु चार पेट्यांत, ज्यांचा साखरेचा आकडा फारसा वाईट नव्हता, कोठडी उघडताच वेगळाच जीव झपाट्याने बाहेर पळाला. तो लांबट होता, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा होता आणि व्हॅरोआपेक्षा कितीतरी चपळ होता. हा दुसरा माइट, ट्रोपिलेलॅप्स. ओळख पटवण्यासाठी चौकट पांढऱ्या परातीवर धरून तिची एक बाजू जोराने आपटली, तेव्हा परातीत सैरावैरा धावणारे आणखी काही ट्रोपिलेलॅप्स दिसले.

या दोन माइटमधील फरक उपचाराच्या दृष्टीने कळीचा असल्यामुळे तो सविस्तर नोंदवत आहे. व्हॅरोआ मुळात सातेरी या आपल्याकडील देशी मधमाशीवरचा. १९०४ साली जावा बेटावरील सातेरीच्या जातीवरून त्याचे प्रथम वर्णन झाले आणि मेलीफेराला उद्ध्वस्त करणारी व्हॅरोआची जात त्याहून वेगळी आहे, हे २००० साली स्पष्ट झाले. सातेरीत तो प्रामुख्याने नर माश्यांच्या कोठड्यांतच वाढतो. शिवाय सातेरीच्या कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरील माइट काढतात आणि बाधित पिलावा उपसून टाकतात, त्यामुळे हजारो वर्षांच्या सहवासात दोघांचा समतोल साधला गेला. मेलीफेरा भारतात यशस्वीपणे रुजली ती १९६२ साली, हिमाचलातील नगरोटा बगवान येथे. तिच्या अंगी हा बचाव पुरेसा नाही. तिच्यात व्हॅरोआ नर पिलाव्याला अधिक पसंती देत असला तरी कामकरी माश्यांच्या कोठड्यांतही सर्रास वाढतो. कोठडी बंद होण्याच्या थोडे आधी मादी आत शिरते, सुमारे तीन दिवसांनी पहिले अंडे घालते, त्यातून नर होतो, आणि नंतर साधारण तीस तासांच्या अंतराने मादीची अंडी पडत जातात. कोठडीतून माशी बाहेर पडते तेव्हा आई आणि तिच्या वाढ पूर्ण झालेल्या मुली तिच्या अंगावर बसून बाहेर येतात. मग पोटाच्या खालच्या बाजूला, खवल्यांच्या सांध्यांत दडून, माशीच्या शरीरातील चरबीच्या ऊतींवर त्या जगतात. माइट रक्त शोषतो असे पूर्वी समजले जाई. चरबी हेच त्याचे मुख्य अन्न असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले.

ट्रोपिलेलॅप्स हा आग्या माशीचा परोपजीवी. त्याची वाढ व्हॅरोआहून वेगवान असते, पण एका बाबतीत तो पूर्ण परावलंबी आहे: त्याला प्रौढ माशीवर पोट भरता येत नाही. पिलावा मिळाला नाही तर तो काही दिवसांतच मरतो. सातपुड्याच्या कडेकपारींत, उंच सावरींवर आणि गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांवर आग्या मोहोळे लटकलेली असतात. त्यामुळे आपल्या भागात हा माइट आज ना उद्या पेटीत येणारच, असे धरून चालणे शहाणपणाचे आहे.

३० सप्टेंबर २०२४

उपचाराच्या पर्यायांवर गटाची दीर्घ चर्चा झाली. एका सदस्यांनी पिकावरील कोळीनाशकात पुठ्ठ्याच्या पट्ट्या भिजवून त्या चौकटींमध्ये टांगाव्यात, असे सुचवले. कृषी केंद्रात ते सहज मिळते आणि स्वस्तही पडते. या सूचनेला मी स्पष्ट विरोध केला. मेणात विरघळणारी कीटकनाशके पोळ्यात साठत जातात, तेच मेण वितळवून आपण नवे मेणपत्रे करतो आणि अशा रीतीने एका वर्षीचे विष पुढच्या वर्षीच्या अळीच्या पाळण्यात जाते. फ्लुव्हॅलिनेट या कोळीनाशकाच्या पट्ट्यांना दाद न देणारे व्हॅरोआ जगात अनेक देशांत आढळले आहेत. अंदाजाने भिजवलेल्या पुठ्ठ्यातून जी कमी-अधिक मात्रा मिळते, ती अशी प्रतिकारशक्ती तयार होण्यास विशेष पोषक ठरते. पट्टीतून पहिल्या दिवशी किती औषध सुटते आणि दहाव्या दिवशी किती, हे आपल्याला मोजता येत नसेल, तर ती पट्टी पेटीत असू नये.

त्यानंतर सेंद्रिय आम्लांचा विचार केला. फॉर्मिक आम्लाची वाफ कोठडीच्या झाकणातून आत शिरते, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु पारा तीस अंशांच्या वर गेला की वाफ एकदम सुटते, उघडा पिलावा मरतो आणि राण्याही गमवाव्या लागतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी पस्तीस अंश ही नित्याची गोष्ट असल्याने डिसेंबरपूर्वी फॉर्मिक वापरता येणार नाही. ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल. त्यालाही उष्णतेची अशीच मर्यादा आहे आणि मधाला वास लागण्याची भीती वेगळी. ऑक्झॅलिक आम्ल प्रौढ माश्यांवरील व्हॅरोआ उत्तम मारते, मात्र झाकणाच्या आत पोहोचत नाही, आणि पिलावा वाढवणाऱ्या वसाहतीत निम्म्याहून अधिक माइट कोणत्याही क्षणी झाकणाआड सुरक्षित असतात.

डोंगराळ किंवा थंड प्रदेशातील शिफारशी आपण जशाच्या तशा उचलल्या, तर खानदेशात त्या उन्हामुळेच निष्फळ ठरतील. तापीच्या खोऱ्यात औषधाला हवामान मिळत नसेल, तर माइटचे आश्रयस्थानच काढून घेतले पाहिजे, म्हणजेच पेटीत काही काळ बंद पिलावा असताच कामा नये. राणीला चोवीस दिवस पिंजऱ्यात ठेवले की व्हॅरोआ उघड्यावर येतो आणि ट्रोपिलेलॅप्स उपाशी मरतो. ही एकच उपाययोजना दोन्ही माइटना लागू पडते.

बारा पेट्यांत राणी पिंजऱ्यात ठेवावी आणि उरलेल्या बारांत डिसेंबरमध्ये फॉर्मिक वापरून तुलना करावी, असे ठरले. उपचाराविना एकही पेटी ठेवणे गटाला परवडणारे नाही, त्यामुळे ही तुलना प्रयोगशाळेच्या काटेकोर अर्थाने अपुरी राहील.

६ ऑक्टोबर २०२४

दिनदर्शिका समोर ठेवून उलटी गणना केली. अंड्यापासून कामकरी माशी २१ दिवसांत, नर माशी २४ दिवसांत बाहेर येते. बाहेर आलेली कामकरी माशी साधारण तीन आठवडे पेटीतील कामे करून मग फुलांवर जाऊ लागते. म्हणजे १ फेब्रुवारीला डेंगळ्यांवर फिरणारी माशी ही २० डिसेंबरच्या सुमारास किंवा त्याआधी घातलेल्या अंड्यातली असली पाहिजे. राणीला अंडी घालण्यासाठी त्यापूर्वी किमान एक महिना मोकळा हवा, तोही तुरीच्या फुलोऱ्याचा. हे सर्व जुळवता राणी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बंद करणे आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोडणे हाच योग्य काळ ठरतो. पंधरा दिवस उशीर झाला तर माइट मरतील, पण साक्रीला न्यायला माश्या उरणार नाहीत.

१८ ऑक्टोबर २०२४

बारा राण्या पिंजऱ्यात ठेवल्या. पिंजरे बांबूचे असून काड्यांमधील अंतर कामकरी माशीला ये-जा करता येईल, पण राणीला बाहेर पडता येणार नाही, एवढे राखले आहे. सुताराकडून ते करून घेताना प्रत्येक फट राणी अटकाव जाळीच्या तुकड्याशी ताडून पाहिली. पिंजरा मधल्या दोन चौकटींच्या वरच्या भागात, जिथे माश्यांची दाटी व ऊब सर्वाधिक असते, तिथे टांगला. राणी सापडायला काही पेट्यांत फार वेळ लागला. उन्हे चढल्यावर चौकटी उघड्या ठेवणे पिलाव्याला हानिकारक असल्यामुळे तीन पेट्यांचे काम संध्याकाळी पूर्ण केले.

आमच्यातील पाड्यावरचे पावरा समाजाचे दादा लहानपणापासून आग्या मोहोळाचा मध काढत आले आहेत. राणीला हात न लावता तिला पिंजऱ्याच्या तोंडाकडे वळवण्याचे त्यांचे कौशल्य पाहण्यासारखे आहे: ते बोट राणीच्या मागे न नेता तिच्यासमोर पिंजऱ्याची सावली धरतात आणि उजेड टाळणारी राणी स्वतःहून आत शिरते.

२५ ऑक्टोबर २०२४

पिंजऱ्यातील राणीचा गंध पेटीभर पुरेसा पोहोचत नसेल, तर माश्या नवीन राणी घडवू लागतात. चार पेट्यांत राणी कोठ्या (नवी राणी वाढवण्याच्या खास कोठड्या) सुरू झालेल्या आढळल्या. त्या सर्व मोडल्या. एक कोठी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात मेणाच्या घडीआड लपलेली होती, म्हणून प्रत्येक चौकट माश्या झटकूनच तपासावी, अशी सूचना सर्वांना दिली. यानंतर पोळ्यात राणी घडवण्याइतकी कोवळी अळी उरत नाही, त्यामुळे ही तपासणी आठव्या दिवसाच्या आत होणे महत्त्वाचे आहे.

दुसऱ्या गटातील ट्रोपिलेलॅप्स आढळलेल्या पेट्यांत चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर प्रति चौकट २०० मिलिग्रॅम याप्रमाणे गंधकाची भुकटी टाकली. दहा दिवसांनी पुन्हा टाकायची आहे. भुकटी पिलाव्यावर उडू नये म्हणून ती जुन्या मलमलीच्या पुरचुंडीतून झटकली.

११ नोव्हेंबर २०२४

चोवीस दिवस पूर्ण झाले. पिंजरा लावलेल्या पेट्यांपैकी एकीतील राणी पिंजऱ्यातच मेलेली आढळली. त्या पेटीची वसाहत तूर्त शेजारच्या पेटीत विलीन केली. उरलेल्या अकरा पेट्यांत बंद पिलावा एकही नव्हता. रिकाम्या, स्वच्छ केलेल्या कोठड्यांचे ते पोळे पाहताना सदस्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि ती मी समजू शकतो, कारण भरगच्च पिलावा ही मधपाळाची दौलत असते.

संध्याकाळी माश्या परतल्यावर ऑक्झॅलिक आम्ल दिले. समभाग साखर व पाण्याच्या एक लिटर कोमट पाकात ३५ ग्रॅम आम्ल विरघळवून, माश्यांनी भरलेल्या प्रत्येक दोन चौकटींमधील फटीत पिचकारीने ५ मिलिलिटर द्रव माश्यांच्या अंगावर पडेल असा सोडला. कोणत्याही पेटीला एकूण ५० मिलिलिटरहून अधिक द्रव दिला नाही. द्रव त्वचेला व डोळ्यांना घातक असल्यामुळे रबरी हातमोजे व चष्मा सर्वांना सक्तीचा केला. हा उपचार एकाच पिढीच्या माश्यांवर वारंवार केल्यास त्यांना अपाय होतो, म्हणून तो एकदाच. राण्या उद्या सकाळी मोकळ्या करायच्या आहेत.

१४ नोव्हेंबर २०२४

जाळीच्या तळपाटाखाली सरकवलेल्या, एरंडेल चोपडलेल्या पांढऱ्या कागदांवर गळालेले माइट मोजले. सात क्रमांकाच्या पेटीखालचा कागद मधल्या चौकटींच्या रेषेत अक्षरशः तांबूस दिसत होता. तेथे मोजणी दोनशे पार गेल्यावर आम्ही थांबलो. राण्या सर्व पेट्यांत फिरताना दिसल्या, आणि दोन पेट्यांत अंडीही दिसली.

८ डिसेंबर २०२४

मधल्या काळात जे घडणार हे गणिताने आधीच सांगितले होते, ते डोळ्यांनी पाहणे मात्र कठीण गेले. जुन्या माश्या वयोमानाने मरत होत्या आणि नव्या ३ डिसेंबरपूर्वी बाहेर येणे शक्यच नव्हते, त्यामुळे नोव्हेंबरअखेर पिंजऱ्याच्या गटातील पेट्या चार-पाच चौकटींवर आल्या, तर शेजारच्या औषधाविना थांबलेल्या पेट्या सात चौकटी भरून दिसत होत्या. आबांनी एका सकाळी झाकण उघडून पाहिले आणि एवढेच विचारले, "आते कसं करानं, भाऊ?" मी त्यांना बंद पिलाव्याची एक चौकट उन्हात धरून दाखवली. झाकणे सलग होती, किंचित फुगीर, एकसारख्या पिवळसर तपकिरी रंगाची. सप्टेंबरमधील टोचलेली, खचलेली झाकणे आठवत असलेल्या माणसाला यापेक्षा अधिक उत्तराची गरज नव्हती.

आजच्या मोजणीत या गटात तीनशे माश्यांमागे शून्य किंवा एक, एका पेटीत दोन माइट निघाले. कोठड्या उघडून पाहिल्या असता ट्रोपिलेलॅप्स कोठेही आढळला नाही. दुसऱ्या गटात चौकटी भरलेल्या असल्या तरी आकडे सहा ते सतरा इतके होते आणि दोन पेट्यांसमोर पंख नसलेल्या माश्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. संख्येने भरलेली पण आतून कीड लागलेली वसाहत आणि संख्येने लहान पण निरोगी वसाहत, यांपैकी फेब्रुवारीत कोणती टिकेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

१० डिसेंबर २०२४

दुपारचे तापमान एकोणतीस अंशांवर आल्याने दुसऱ्या गटात फॉर्मिक आम्लाचा उपचार सुरू केला. ८५ टक्के तीव्रतेचे ५ मिलिलिटर आम्ल कापसाची वात घातलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत भरून ती तळपाटावर ठेवायची आणि दररोज सायंकाळी पुन्हा भरायची, असा क्रम तीन आठवडे चालेल. हे आम्ल भरणे संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत धोक्याचे काम आहे. वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे व चष्मा घालून, पाण्याची भरलेली बादली शेजारी ठेवूनच ते करावे आणि लहान मुलांना त्या वेळी बांधावर येऊ देऊ नये.

२ जानेवारी २०२५

फॉर्मिकचा उपचार संपला. या गटातील सर्वाधिक आकडा सतरावरून चारवर आला, त्यामुळे औषध म्हणून त्याची क्षमता निर्विवाद आहे. परंतु दोन राण्या गमावल्या, आणि दोन्ही वेळा पारा दुपारी तिशीच्या वर गेलेल्या दिवसांनंतरच हे घडले. शिवाय ज्या अळ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर माइटसह वाढ पूर्ण केली, त्यांच्यापासून झालेल्या माश्या दुबळ्याच राहणार. उशिरा मारलेला माइट आधी केलेले नुकसान परत देत नाही.

२० जानेवारी २०२५

स्थलांतरापूर्वीची तपासणी. पिंजऱ्याच्या गटातील पेट्या तुरीच्या फुलोऱ्यावर आठ चौकटींपर्यंत भरल्या आहेत. त्यांतील एका पेटीत सोडलेली राणी माश्यांनी बदलून टाकली असून नवी राणी चांगली अंडी घालते आहे. फॉर्मिक गटातील पेट्या सरासरी सहा चौकटींवर आहेत. सर्व पेट्या मर्यादेच्या आत असल्याने मधकोठ्या चढवण्यास हरकत नाही.

२९ जानेवारी २०२५

रात्री शिरपूर-धुळेमार्गे पेट्या साक्री तालुक्यात पोहोचवल्या. डेंगळे उमलण्याच्या बेतात आहेत. शेतकऱ्यांनी फुलोऱ्यात फुलकिड्यांसाठी फवारणी न करण्याचे मान्य केले आहे.

१६ फेब्रुवारी २०२५

कांद्याचे पांढरे गोंडे पूर्ण फुलले असून सकाळी दहापासून माश्यांची वर्दळ उत्तम आहे. मात्र रस्त्यापलीकडे बाहेरगावच्या मधपाळांच्या पेट्या उतरल्या आहेत आणि त्यांतील काही दुर्बळ असल्याचे लांबूनही कळते. दुर्बळ पेटी लुटायला आमच्या माश्या गेल्या, की मधाबरोबर माइटही घेऊन येतील. मध साठत असताना आम्ल वापरणे आम्ही वर्ज्य मानले असल्यामुळे सध्या नर पिलाव्याचा सापळा एवढाच उपाय हाती आहे. पिलावा कोठीच्या कडेला मेणपत्रा नसलेली रिकामी चौकट दिली की माश्या तीत नर कोठड्या बांधतात, व्हॅरोआ तिकडे आकर्षित होतो, आणि कोठड्या बंद झाल्यावर पण नर बाहेर येण्याआधी तो भाग कापून काढला की माइटही पेटीबाहेर जातो. कापायला चोवीस दिवसांपलीकडे उशीर झाला तर हाच सापळा माइटची रोपवाटिका होतो, म्हणून प्रत्येक चौकटीवर दिल्याची तारीख खडूने लिहिली आहे.

शेजारच्या मधपाळांशी बोलणे झाले. त्यांना साखरेची मोजणी करून दाखवली. त्यांच्या एका पेटीतील ताटाकडे पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग पिंजऱ्याचे माप मागून घेतले.

१२ मार्च २०२५

डेंगळ्यांचा फुलोरा ओसरल्यावर पेट्या परत बांधावर आणल्या. मोजणीचे आकडे पिंजऱ्याच्या गटात एक ते चार, फॉर्मिक गटात पाच ते आठ. साक्रीत दोन्ही गटांना बाहेरून सारखाच संसर्ग पोहोचला असे धरले, तर हा फरक पायाभूत संख्येचा आहे: नोव्हेंबरमध्ये जवळजवळ शून्यावर आणलेली पेटी आणि जानेवारीत चारवर आणलेली पेटी एकाच वेगाने चढत असल्या, तरी दुसरी मर्यादेला कितीतरी आधी पोहोचते.

९ एप्रिल २०२५

पारा बेचाळीस अंशांवर आहे. पेट्यांवर ओली गोणपाटे टाकली असून शेजारी पाण्याच्या परातीत माश्यांना बसण्यासाठी खडे ठेवले आहेत. कोणत्याही आम्लाचा विचार आता पावसाळ्यापर्यंत करायचा नाही. दादांनी कळवले की पाड्याजवळच्या सावरीवर लटकलेली आग्या मोहोळे उठून गेली आहेत. ती उठण्याआधीच्या आठवड्यांत आमच्या तीन पेट्यांत ट्रोपिलेलॅप्स पुन्हा दिसला. तिथे तूर्त गंधक दिले आहे.

पावसाळ्याच्या टंचाईत वसाहती तसाही पिलावा कमी करतात, म्हणून पिलाव्यातील वर्षाचा दुसरा खंड तेव्हाच घ्यायचा, आणि तो या वेळी सर्व पेट्यांत, असे गटाने एकमताने ठरवले. ५ जुलैला राण्या बंद करून २९ जुलैला ऑक्झॅलिक द्यायचे व दुसऱ्या दिवशी राण्या सोडायच्या, म्हणजे तीळ आणि मक्याच्या फुलोऱ्याला नवी पिढी तयार होईल. राणी कोठ्यांची तपासणी ताईंकडे, आम्ल मोजण्याचे काम माझ्याकडे, तर त्या चोवीस दिवसांतील साखरपाण्याचा खर्च सर्वांनी समान वाटून घ्यायचा. दोन पिंजऱ्यांच्या काड्या उन्हाने वाकून फटी रुंदावल्या आहेत. ते बदलून आणखी बारा नवे पिंजरे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत करून देण्यास सुताराला सांगितले आहे.